युजर ग्रुपच्या मीटअपला जायचंय? मग प्रश्न घेऊन जा

प्रोग्रामिंग शिकायला लागलं की कधी ना कधी कुणीतरी सांगतंच, "अरे, मीटअपला जात जा." तिथे नेमकं काय चालतं, आपल्याला फारसं येत नसेल तर चालतं का, कुणाशी काय बोलायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मग माणूस एकदा जातो, मागच्या रांगेत बसतो, भाषण ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि कुणाशी चकार शब्द न बोलता घरी येतो. वर म्हणतो, "हे तर यूट्यूबवर ऐकलं असतं की." आणि त्याचं काही चुकत नाही. नुसतं भाषण ऐकायचं असेल तर घरीच बरं. तिथे थांबवता येतं, मागे जाऊन पुन्हा ऐकता येतं, कंटाळा आला तर बंद करता येतं.

युजर ग्रुप म्हणजे एकच भाषा किंवा साधन वापरणाऱ्यांचा गट, आणि मीटअप म्हणजे त्याची भेट. ही मुळात श्रोत्यांची सभा नाहीच. ज्यांचं गाडं कुठेतरी अडलंय अशांनी एकमेकांना हात द्यायची ती जागा आहे. तुम्ही काय अडलंय ते सोबत घेऊन गेलात तर तिथून काहीतरी मिळतं, नाहीतर संध्याकाळ जाते. या लेखातल्या सगळ्या सूचना शेवटी याच मुद्द्याकडे येतात.

ही काही माझी कल्पना नाही. १९५५ साली लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या, आयबीएमचे ७०४ हे संगणक घेऊ पाहणाऱ्या संस्थांनी 'शेअर' नावाचा गट काढला. यंत्र मिळणार होतं, पण त्यावर चालवायचे बरेचसे प्रोग्राम ज्याचे त्याने लिहायचे होते. तेच काम प्रत्येकाने आपापल्या जागी नव्याने करत बसण्यापेक्षा लिहिलेले प्रोग्राम एकमेकांना द्यावेत, असं त्यांनी ठरवलं. तो गट आजही चालू आहे. पुढे ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये एका गॅरेजात होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी संगणकप्रेमींच्या गटाची पहिली बैठक झाली. गर्दी वाढल्यावर बैठका मोठ्या सभागृहात व्हायला लागल्या आणि ली फेल्सेन्स्टाइन त्या चालवायला लागले. त्यांच्या बैठकीचे दोन मुख्य भाग असत. पहिल्याला म्हणत 'मॅपिंग': एकेकाने उभं राहून सांगायचं, मी अमुक करतोय, मला तमुक हवंय, माझ्याकडे हे जास्तीचं आहे. दुसरा 'रँडम ॲक्सेस': आता उठा आणि मघाशी ज्याचं बोलणं कामाचं वाटलं त्याला जाऊन गाठा. पुढे ॲपल-१ म्हणून विकला गेलेला संगणक ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी याच मंडळींना दाखवला होता, आणि त्याचे सर्किटचे आराखडेही त्यांनी तिथे वाटले होते.

आजच्या मीटअपमध्ये भाषण मधोमध येऊन बसलंय, पण मॅपिंग आणि रँडम ॲक्सेस दोन्ही कुठल्या ना कुठल्या रूपात टिकून आहेत. त्या दोन वेळा ओळखता आल्या की अर्धं काम झालं.

ग्रुप कसा निवडायचा

काही ग्रुप एखाद्या भाषेभोवती जमलेले असतात: पायथॉन, जावा, जावास्क्रिप्ट, पीएचपी, रस्ट. काही एखाद्या साधनाभोवती: पोस्टग्रेस हा डेटाबेस, कुबरनेटिस, लिनक्स. काही कामाच्या प्रकाराभोवती: टेस्टिंग, डेटा, सुरक्षा. सुरक्षेत रस असेल तर ओवॅस्प या संस्थेच्या स्थानिक शाखा बऱ्याच देशांत आहेत. गूगल डेव्हलपर ग्रुप किंवा एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) युजर ग्रुप अशांच्या मागे कंपनीचं पाठबळ असतं. ते चालवणारे बहुतेकदा स्वयंसेवकच असतात, पण विषय साहजिकच त्या कंपनीच्या साधनांकडे झुकतात. आणि नवख्यांना, विशेषतः महिलांना बिचकायला होऊ नये म्हणून मुद्दाम उभे राहिलेले गटही आहेत. पायथॉनवाल्या महिलांच्या पायलेडीजची सुरुवात २०११ मध्ये लॉस एंजेलिसला झाली, जँगो (पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट) शिकवणाऱ्या जँगो गर्ल्सची पहिली कार्यशाळा २०१४ मध्ये बर्लिनला. तिथे ओळीचाही कोड न लिहिलेली व्यक्ती एका कार्यशाळेत स्वतःची छोटी वेबसाइट उभी करायला शिकते.

यातला कोणता? जे तुम्ही रोज वापरता त्याचा. गाजावाजा ज्याचा चाललाय त्याचा नव्हे. रोजच्या कामात पीएचपी असेल आणि तुम्ही रस्टच्या मीटअपला गेलात, तर ऐकायला मजा येईल, पण विचारायला तुमच्याकडे काही नसेल आणि कुणी काही विचारलं तर सांगायलाही नसेल.

शोधायचं कुठे? मीटअप ही वेबसाइट २००२ पासून हेच काम करते. पण त्या भाषेच्या किंवा साधनाच्या अधिकृत संकेतस्थळावरही बघा. पायथॉनच्या विकीवर आणि पोस्टग्रेसच्या संकेतस्थळावर स्थानिक गटांच्या याद्या आहेत. ग्रुप सापडला की लगेच नाव नोंदवू नका, आधी त्याचं पान नीट वाचा. सदस्यसंख्या बघून हुरळून जाऊ नये. पाच हजार सदस्य आणि शेवटची भेट दोन वर्षांपूर्वी, असं सर्रास दिसतं. बघायचं ते हे: गेल्या सहा महिन्यांत भेटी नेमाने झाल्यात का? वक्ते दर वेळी वेगळे आहेत की तेच दोघे आळीपाळीने बोलतात? आचारसंहिता लिहिलेली आहे का, आणि तिच्यात तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव आहे का? नाव नसलेली आचारसंहिता म्हणजे भिंतीवर लावलेली तसबीर.

नोंदणीच्या अर्जात तुमचं पद, कंपनीत किती माणसं आहेत, खरेदीचे निर्णय कोण घेतं, असे प्रश्न दिसले तर समजून जा की तो युजर ग्रुप नाही, विक्रीचा कार्यक्रम आहे. जायला हरकत नाही, पण अपेक्षा त्याच ठेवा.

माझं मत विचाराल तर दोनशे जणांच्या सभागृहापेक्षा दर महिन्याला नेमाने जमणारा पंधरा-वीस जणांचा ग्रुप नवख्यासाठी कधीही चांगला. मोठ्या गर्दीत लपायला सोपं जातं, आणि लपणं हेच तर आपल्याला टाळायचंय.

ऑनलाइन भेटींबद्दल एवढंच: आसपास काहीच नसेल तर जरूर जा, पण तिथे रँडम ॲक्सेस होत नाही. भाषण संपलं की खिडकी बंद होते.

जायच्या आधी

नोंदणी केलीत आणि जमणार नाही असं दिसलं तर नाव काढून टाका. फुकटच्या कार्यक्रमाला नाव नोंदवून न येणारे इतके असतात की आयोजक आधीच तो हिशोब धरून चालतात, आणि तुमच्या अडवलेल्या जागेपायी प्रतीक्षा यादीतलं कुणीतरी घरी बसतं. जागा एखाद्या कंपनीच्या कार्यालयात असेल तर खाली सुरक्षारक्षकाकडे यादी असते. म्हणून नोंदणी ओळखपत्रावरच्या नावाने करा. 'कोडनिंजा' या नावाने आत सोडत नाहीत. ओळखपत्र बरोबर ठेवा आणि भेट नक्की आहे ना, जागा बदलली नाही ना, हे त्या दिवशी दुपारी एकदा बघून घ्या.

विषयाची तयारी अर्धा तास पुरते. ज्या लायब्ररीवर भाषण आहे तिचं रीडमी (सोबतची माहितीची फाइल) वाचा, शक्य असेल तर सुरुवातीचं उदाहरण चालवून बघा. सगळं कळायला हवं असं नाही. वक्ता बोलायला लागला की किमान ही वस्तू कशासाठी आहे एवढं ठाऊक असावं.

लॅपटॉप न्यायचा का? भाषण असेल तर नको. उघडा लॅपटॉप म्हणजे 'माझ्याशी बोलू नका' अशी पाटीच. कार्यशाळा असेल तर न्या, आणि लागणारं सगळं घरून इन्स्टॉल करून न्या. तीस जण एकाच वेळी एकाच वाय-फायवरून डॉकरची इमेज (प्रोग्रामचं तयार, जड गाठोडं) उतरवायला लागले की पहिला तास त्यातच जातो.

आता खरी तयारी. एक प्रश्न लिहून न्या. सध्या तुमचं काय अडलंय? तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: मी काय करायला बघतोय, काय व्हायला हवं होतं, आणि प्रत्यक्षात काय होतंय. "मला डेटाबेस नीट जमत नाही" याला उत्तर नसतं, फार तर सहानुभूती मिळते. "पन्नास लाख ओळींच्या टेबलावर तारखेने शोधतोय, इंडेक्स आहे, तरी क्वेरी आठ सेकंद घेते" याला उत्तर असतं, निदान उलटा प्रश्न तरी येतो. (इंडेक्स म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली सूची, क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न.) दोन वाक्यांत बसत नसेल तर घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते तुम्हालाच अजून कळलेलं नाही. लिहून बघा, लिहिता लिहिता उलगडतं. कधीकधी उत्तरही लिहिता लिहिताच सापडतं. मग ते सांगायला जा.

नोकरीत असाल तर कामातलं काय बाहेर बोललेलं चालतं हे आधी ठरवून ठेवा. ग्राहकाचं नाव, आकडे, अंतर्गत प्रणालींची नावं वगळूनही प्रश्न तसाच मांडता येतो.

पोचल्यावर

लवकर जा. भिडस्त माणसाचा कल नेमका उलट असतो: सुरू झाल्यावर गुपचूप शिरावं, संपायच्या आधी सटकावं. पण उशिरा गेलात तर जमलेल्या घोळक्यांत घुसावं लागतं. पंधरा मिनिटं आधी गेलात तर तिथे चार माणसं असतात, त्यातले दोघे प्रोजेक्टरच्या केबलशी झटत असतात आणि एक जण खुर्च्या लावत असतो. खुर्च्या लावायला लागा. हातात काम असलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही, आणि कार्यक्रमाच्या सतरंज्या उचलणाऱ्याला सगळे ओळखतात.

आयोजकाला स्पष्ट सांगा, "मी पहिल्यांदाच आलोय, मला पोस्टग्रेसचं एक अडलंय, इथे कुणाला विचारता येईल?" हे एक वाक्य संध्याकाळभर पुरतं. चांगला आयोजक तुम्हाला हाताला धरून योग्य माणसासमोर उभं करतो. कोणाला काय येतं याचा नकाशा त्याच्या डोक्यात असतो, आणि तो वापरता आला की त्यालाही बरं वाटतं.

बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला सगळे आपापली ओळख करून देतात. हेच मॅपिंग. इथे बहुतेक जण नाव आणि कंपनी सांगून बसतात आणि ती संधी वाया घालवतात. दोन नमुने बघा.

"नमस्कार, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, नवीन तंत्रज्ञान शिकायची आवड आहे."

"नमस्कार, मी वर्षभर जँगोवर काम करतेय. सध्या चालू साइटवर मोठ्या टेबलाचं मायग्रेशन करताना अडकलेय. फॉर्म व्हॅलिडेशनवर मात्र बरंच काम केलंय, त्यात कुणाला मदत हवी असेल तर मी आहे."

(मायग्रेशन म्हणजे डेटाबेसच्या रचनेत करायचा बदल.) पहिल्या माणसाशी बोलायला जायचं तर काय बोलणार? दुसरीशी बोलायला मात्र भाषण संपल्यावर दोघे-तिघे आपणहून येतील. काय हवंय ते सांगा आणि काय देता येईल तेही सांगा. देण्यासारखं काही नाही असं वाटत असेल तर जरा विचार करा. ज्या गोष्टीशी तुम्ही गेल्या महिन्यात आठवडाभर झगडलात ती तुम्हाला नक्की येते.

घोळके उभे राहून बोलत असतात तेव्हा कुठे शिरावं कळत नाही. एरिक होल्शर यांनी मांडलेला 'पॅक-मॅन नियम' आता बऱ्याच परिषदांत सांगतात: वर्तुळ करून उभे असाल तर नेहमी एका माणसाची जागा मोकळी ठेवा, म्हणजे वरून बघताना त्या जुन्या खेळातल्या उघड्या तोंडाच्या पिवळ्या गोळ्यासारखा आकार दिसतो. मोकळी जागा दिसली की बेलाशक जाऊन उभे राहा. थोडा वेळ नुसतं ऐका, मग "मी मधूनच ऐकतोय, हे कशाबद्दल चाललंय?" असं विचारा. आणि तुमच्या मागे कुणी घुटमळताना दिसलं तर अर्धं पाऊल बाजूला सरका.

सुरुवातीला विचारायचा सगळ्यात सोपा प्रश्न: "सध्या कशावर काम चाललंय?" पगार, पद, कंपनीत जागा आहे का, हे पहिल्या पाच मिनिटांत नको. फोटो काढायचा तर आधी विचारा. काही ठिकाणी फोटो नको असलेल्यांसाठी वेगळ्या रंगाची पट्टी असते. कुणाच्या वागण्याने अवघडल्यासारखं झालं तर आचारसंहितेत ज्याचं नाव आहे त्याला सांगा, आणि निघून जावंसं वाटलं तर सरळ निघून जा. त्याचं स्पष्टीकरण कुणाला द्यावं लागत नाही.

भाषण चालू असताना

निम्मं डोक्यावरून जाईल. शेजारी मान डोलावणाऱ्याचंही जात असतं. सगळं उतरवून घेत बसू नका, स्लाईड नंतर मिळतात. वहीत तीनच गोष्टी लिहा: पहिल्यांदा ऐकलेली नावं, उद्या करून बघण्यासारखी एक गोष्ट, आणि एक शंका.

शंका विचारायची वेळ आली की एकच विचारा आणि ती थोडक्यात विचारा. "माझा प्रश्न नाही, एक टिप्पणी आहे" असं म्हणून पाच मिनिटं बोलणारा गृहस्थ जवळपास प्रत्येक ग्रुपमध्ये असतो; तुम्ही तो होऊ नका. चारचौघांत विचारायला भीड वाटली तर नंतर वक्त्याला गाठा. तिथे प्रश्न मूर्खपणाचा ठरायची भीती कमी असते, आणि नुकतंच बोलून झालेल्या माणसाला आपलं बोलणं कुणीतरी लक्ष देऊन ऐकलं याचंच अप्रूप असतं.

दर वेळी तासाभराचं भाषणच असेल असं नाही. 'लायटनिंग टॉक' म्हणजे साधारण पाच मिनिटांची भाषणं, एकामागून एक. हे नाव २००० साली मार्क जेसन डॉमिनस यांनी पर्ल या भाषेच्या एका परिषदेत रूढ केलं. 'ओपन स्पेस' प्रकारात विषय आलेले लोकच त्या दिवशी ठरवतात, आणि ही पद्धत काढणाऱ्या हॅरिसन ओवेन यांनी घालून दिलेला दोन पायांचा नियम चालतो: जिथे तुम्ही काही शिकतही नाही आणि कुणाला काही देतही नाही, तिथून उठून दुसरीकडे जायचं. तिथे मधूनच उठणं उद्धटपणाचं मानत नाहीत. 'कोड रिट्रीट' मध्ये दिवसभर जोड्या जोड्यांनी एकच कोडं सोडवायचं, बहुतेकदा गणितज्ञ कॉनवे यांचा 'गेम ऑफ लाइफ' हा चौकटींचा खेळ. दर ४५ मिनिटांनी लिहिलेला कोड पुसून टाकायचा आणि नव्या जोडीदाराबरोबर नव्याने सुरुवात. पुसायचं म्हटल्यावर लोक हळहळतात, पण त्यामुळेच कुणी कोड चांगला दिसावा म्हणून लिहीत नाही.

नवख्याने निवडायचं तर मी भाषणापेक्षा असं काहीतरी निवडायला सांगेन. शेजारी बसून दुसऱ्याला टाइप करताना बघणं ही वेगळीच शाळा आहे. एडिटरचा एखादा शॉर्टकट, एरर आल्यावर आधी कुठली ओळ वाचायची, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये चूक झाली की हात कुठे जातात, हे कुठल्या स्लाईडवर नसतं.

भाषण संपल्यानंतर

इथे निघून जाऊ नका. आता खरी भेट सुरू होते, आणि नेमकी इथेच बरीचशी मंडळी दाराकडे वळतात. ज्याने ओळखीच्या वेळी तुमच्या कामाचं काही सांगितलं त्याला आता गाठायचं.

एका मीटअपनंतर दाराजवळ उभ्या असलेल्या दोघांचं बोलणं कानावर पडलं होतं. तरुण मुलगी सांगत होती की चालू साइटवर एका मोठ्या टेबलाला इंडेक्स जोडला आणि तो पूर्ण होईपर्यंत नव्या नोंदीच होईनात; वाचन चालू, लिहिणं ठप्प. समोरच्याने विचारलं, "पोस्टग्रेस ना? 'कॉनकरंटली' लिहिलं होतंत का?" नव्हतं लिहिलं. "साधा इंडेक्स बनताना टेबलावरचं लिहिणं अडवून ठेवतो. कॉनकरंटली म्हटलं की अडवत नाही, फक्त वेळ जास्त घेतो. पण थांबा, तुमचं जँगो आहे म्हणालात. ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, आणि जँगो मायग्रेशन ट्रान्झॅक्शनमध्येच गुंडाळतो. त्या मायग्रेशनमध्ये 'ॲटॉमिक' फॉल्स करा." (ट्रान्झॅक्शन म्हणजे एकतर सगळं व्हावं नाहीतर काहीच होऊ नये असं एकत्र बांधलेलं काम.) ती फोनवर टिपून घेत होती. तो निघता निघता पुन्हा वळला. "आणि मध्येच फसलं तर अर्धवट इंडेक्स मागे पडून राहतो, इनव्हॅलिड म्हणून. तो आधी पाडा आणि मग पुन्हा करा. नाहीतर आहे आहे म्हणाल, आणि क्वेरीला त्याचा उपयोग शून्य."

यातला प्रत्येक मुद्दा दस्तऐवजांत लिहिलेला आहे. पण तीन वेगळ्या पानांवर, आणि कुठली तीन पानं एकापुढे एक ठेवायची हे ज्याने ते भोगलंय त्यालाच ठाऊक असतं. शेवटची सूचना तर तिने विचारलीही नव्हती. न विचारलेलं सांगणारा माणूस समोरासमोरच भेटतो.

नोकरीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण बरेच जण त्याच आशेने येतात आणि त्यात गैर काही नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिलं की त्यांनी बोलतं केलेल्या लोकांपैकी ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली, त्यातल्या बहुतेकांना ती जवळच्या मित्राकडून नव्हे, तर अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. कारण उघड आहे: जवळच्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असतंच. महिन्यातून एकदा भेटणारी मंडळी ही अशीच लांबची ओळख. पण रेझ्युमेच्या प्रती वाटत फिरू नका. ओळखीच्या वेळी "मी काम शोधतोय, अमुक प्रकारचं" एवढं सांगा. पुष्कळ ग्रुपमध्ये त्यासाठी शेवटी पाच मिनिटं राखून ठेवलेली असतात. त्यापुढचं काम लोक तुमचे प्रश्न ऐकून करतात. नेमका प्रश्न विचारणारा माणूस लक्षात राहतो.

दुसऱ्या दिवशी

ज्याने मदत केली त्याला दोन ओळी पाठवा. "काल भेटून आनंद झाला" एवढ्यावर थांबू नका, सांगितलेलं करून बघितलं का आणि काय झालं ते कळवा: "ॲटॉमिक फॉल्स करून चालवलं, नोंदी अडल्या नाहीत, धन्यवाद." नाही चाललं तर तेही कळवा. सल्ला देणाऱ्याला पुढे काय झालं हे बहुधा कधीच कळत नाही. तुम्ही कळवलंत तर पुढच्या वेळी तो आपणहून विचारेल.

ग्रुपचं चॅट असेल तर त्यात सामील व्हा, पण तिथे पडीक राहू नका. आणि पुढच्या महिन्याला पुन्हा जा. पहिल्या भेटीत सगळे चेहरे सारखे दिसतात, दुसऱ्या भेटीत दोन-तीन नावं आठवतात, तिसऱ्या वेळी कुणीतरी विचारतं, "त्या मायग्रेशनचं काय झालं?" भीड तिथे चेपते. म्हणून एका भेटीवरून ग्रुपची पारख करू नका. मात्र तिसऱ्या भेटीतही कुणी ओळख दाखवत नसेल, जुनी मंडळी आपसातच हसत असतील आणि नव्याला विचारत नसतील, तर दुसरा ग्रुप बघा. दोष तुमचा नाही.

पहिलं पाच मिनिटांचं भाषण

पाच-सहा भेटी झाल्या की आयोजक विचारतोच, "लायटनिंग टॉक देणार का?" हो म्हणा. "मी अजून तज्ज्ञ नाही" ही सबब चालत नाही, कारण तज्ज्ञाला आपण नवखे असताना कुठे अडखळलो होतो ते आठवत नाही, आणि तुम्हाला कालचं आठवतंय.

विषय छोटा घ्या. 'टेस्टिंगची ओळख' नको. 'माझी टेस्ट रात्री बारा ते एकमध्येच का फेल होत होती' हवा. पाच मिनिटांत चार गोष्टी बसतात: काय करत होतो, काय विचित्र दिसलं, कारण काय निघालं, आता काय वेगळं करतो. स्वतःबद्दलची स्लाईड काढून टाका. कोड दाखवायचा तर स्लाईडवर आठ-दहा ओळींहून जास्त नको, आणि अक्षर इतकं मोठं ठेवा की तुम्हालाच ते ओंगळ वाटावं. मागच्या रांगेतून ते जेमतेम वाचता येतं. काळ्या पार्श्वभूमीवरचा कोड तुमच्या पडद्यावर देखणा दिसतो, पण उजेडातल्या प्रोजेक्टरवर गायब होतो. जिवंत डेमो करायची हौस असेल तर तो आधी रेकॉर्ड करून ठेवा, नेट पडलं की तो उपयोगी पडतो. नोटिफिकेशन बंद करा. लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक नसेल तर अडॅप्टर स्वतःचा न्या. आणि घरी घड्याळ लावून दोनदा मोठ्याने बोलून बघा. मनातल्या मनात पाच मिनिटांचं वाटणारं भाषण तोंडाने बोलताना नऊ मिनिटांवर जातं.

आसपास ग्रुपच नसेल तर

काढा. पायथॉनची पहिली कार्यशाळा नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत गेथर्सबर्गला झाली तेव्हा सुमारे २० माणसं होती. तुम्हाला तर तीन पुरतील. वक्ता, प्रायोजक, बोधचिन्ह, काही लागत नाही. एखाद्या वाचनालयाची किंवा कॉलेजची खोली, आणि अजेंडा एकच: प्रत्येकाने काय अडलंय ते सांगायचं आणि मग त्यातलं एक सगळ्यांनी मिळून सोडवायचं.

दिवस मात्र पक्का ठेवा, उदाहरणार्थ दर महिन्याचा दुसरा गुरुवार. 'सगळ्यांना सोयीची तारीख' शोधत बसलेले ग्रुप दुसऱ्या भेटीच्या आतच बारगळतात. लोक उठायच्या आधी पुढची तारीख जाहीर करा आणि पुढच्या वेळी कोण बोलणार त्याचं नाव तिथल्या तिथे पक्कं करून घ्या. ग्रुपच्या खात्यांचे पासवर्ड पहिल्या दिवसापासून किमान दोघांकडे असू द्या, कारण एकटा आयोजक नोकरी बदलून दुसऱ्या गावी गेला की चालता ग्रुप त्याच्याबरोबर बंद पडतो.